बघतोय, अजून दिसत नाही

मराठी मध्यमवर्गीय माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, असं बँकेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माझं प्रामाणिक मत झालं आहे. तुम्ही म्हणाल, बँकेतल्या माणसानं हे बोलावं म्हणजे कमाल झाली! काउंटरपलीकडून आम्ही आजवर 'नाही'शिवाय दुसरं ऐकलंय काय? पण वाचकहो, काउंटरवरचं ते 'नाही' आमचं नसतं. ते सर्व्हरचं असतं, हेड ऑफिसच्या सर्क्युलरचं असतं, फार तर जेवणाच्या सुट्टीचं असतं. आमचं स्वतःचं घरगुती उत्तर विचाराल तर ते कायम 'हो'च. गॅस बंद केलास ना? हो. दाराला कडी लावलीस ना? हो. तो समोरचा डोंगर, त्याच्या डाव्या सोंडेवर बुरूज आहे, दिसला ना? हो हो, दिसला!

या 'दिसला'ची तर आपल्याकडे धार्मिक परंपराच आहे. लग्नात सप्तपदीनंतर वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवायची पद्धत आहे. आता मुहूर्त असतो दुपारी साडेबाराचा. वर कार्यालयाचा पत्रा, पत्र्याखाली घरघरणारा पंखा. गुरुजी पंख्याच्या दिशेनं बोट करून विचारतात, "दिसली अरुंधती?" नवरी म्हणते, "दिसली." नवराही म्हणतो, "दिसली." मागे वऱ्हाडी मंडळी पहिल्या पंगतीचा अंदाज घेत उभी असतात, अशा वेळी "अहो गुरुजी, मला पंखा दिसतोय" म्हणणारी नवरी मी अजून पाहिलेली नाही. म्हणजे संसाराची सुरुवात, अग्नीच्या साक्षीनं, न दिसलेली गोष्ट दिसली म्हणून होते.

हे खोटं बोलणं आहे का? कॉमर्सचा माणूस याचं उत्तर चटकन देतो. या खोट्याची डेबिट एन्ट्री कुणाच्या खात्यात पडली? कुणाच्याच नाही. अरुंधतीचं काही बिघडलं नाही, नवरीचं नाही, जिलब्यांचं तर नाहीच नाही. मग ते खोटं नव्हे, रीत. हा हिशेब जमिनीवर बरोबर जुळतो. हवेत मात्र जुळत नाही, आणि तिथे तो का जुळत नाही हे मला माझ्या पुतण्यानं दाखवून दिलं.

हा पुतण्या अमेरिकेत सॅन डिएगोला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. शनिवार-रविवार तो तिथल्या माँटगोमेरी फील्ड या विमानतळावर (त्याचं अधिकृत नाव आता थोडं लांबलंय, पण लोक जुनंच वापरतात, आपल्यासारखंच) सेस्ना १७२ नावाचं चार खुर्च्यांचं, एका पंख्याचं विमान चालवायला शिकतो. वहिनी घाबरतील म्हणून त्यानं घरी 'क्लास लावलाय' एवढंच सांगितलं होतं. वहिनी वर्षभर तो मोटार शिकतोय असं समजून "रिव्हर्स जमतो का रे?" असं विचारत होत्या.

या छोट्या विमानांचं उडणं बहुतांशी डोळ्यांच्या भरवशावर चालतं. त्या नियमांना 'व्हिज्युअल फ्लाइट रूल्स' म्हणतात. ढगात शिरायचं नाही, ढगापासून ठरलेलं अंतर राखायचं, आणि दुसरं विमान आपण बघून आपण चुकवायचं. पुण्यात लक्ष्मी रोडवर हेच नियम चालतात, फक्त तिथे ढग नसतात. पूर्वीच्या काळी तर रेडिओही नसायचा. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते रेडिओशिवायच. त्यांना वाटेत कुणी 'दिसलं का?' विचारलं नाही. आता मात्र विमानतळाला टॉवर असला की त्याच्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

हे बोलणं ऐकण्यासारखं असतं. वाहिनी एक आणि बोलणारे दहा. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांचंही बोलणं बुडतं आणि नुसती किंचाळी ऐकू येते. आमच्या चाळीत सगळ्यांत मिळून एक फोन होता, त्या काळाची आठवण व्हावी! त्यामुळे सगळं काटकसरीत. कुणाला हाक मारतोय, मी कोण, कुठे आहे, आणि काय हवंय, या चार गोष्टी सांगितल्या की बटण सोडायचं. आमच्या काउंटरवर येणारा माणूस या चार गोष्टींना अकरा मिनिटं घेतो, आणि त्यातली चौथी सांगायची राहूनच जाते. आकड्यांतही घोटाळा नको म्हणून नऊला 'नाइन' न म्हणता 'नाइनर' म्हणतात. अमेरिकन विमानांची नावं 'एन'पासून सुरू होतात आणि 'एन'ला म्हणायचं 'नोव्हेंबर'. पुतण्या घरी सराव करताना "नोव्हेंबर, नोव्हेंबर" म्हणतोय असं फोनवर ऐकून वहिनींनी परस्पर त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात केली होती.

पण खरी गंमत 'रॉजर' या शब्दाची. सिनेमावाल्यांनी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घातलंय की रॉजर म्हणजे 'होय साहेब'. तसं मुळीच नाही. रॉजर म्हणजे 'तुम्ही बोललात ते सगळं मला पोचलं'. एवढंच. पटलं असं नाही, करतो असंही नाही. करणार असाल तर 'विल्को' म्हणायचं. होय असेल तर 'अफर्मेटिव्ह'. आणि धावपट्टीच्या अलीकडे थांबा, यासारखी सूचना असेल तर ती परत म्हणून दाखवायची, म्हणजे चूक ऐकली असेल तर तिथल्या तिथे सापडते. मला तर वाटतं, महाराष्ट्रातली निम्मी दांपत्यं या एका फरकापायी दुःखी आहेत. नवरा वर्तमानपत्राच्या आडून 'हं' म्हणतो. तो रॉजर असतो. बायको तो विल्को समजते. संध्याकाळी दळण गिरणीतच असतं. हे ज्ञान मी मोठ्या उत्साहानं सौ.ला दिलं, तेव्हापासून ती मला सगळं परत म्हणायला लावते. "दोन किलो गहू, बारीक दळून, येताना कोथिंबीर, निवडलेली नको." धर्मराज युधिष्ठिराच्या वेळी ही पद्धत असती तर महाभारत वेगळं झालं असतं. अश्वत्थामा गेला हे मोठ्यानं, हत्ती हे हळू, त्यात शंखांचा आवाज. म्हणजे निरोपाचा महत्त्वाचा भाग वाहिनीवर बुडाला. द्रोणाचार्यांनी एकदा "पुन्हा सांगा" म्हणायला काय हरकत होती?

आणखी एक शब्द मला फार आवडला. 'अनेबल'. मला शक्य नाही. टॉवरची सूचना पाळायची हा कायदा आहे. पण विमानाची शेवटची जबाबदारी चालवणाऱ्याचीच, हाही कायदाच आहे. म्हणून सांगितलेल्या दिशेला ढग असेल तर त्यानं 'अनेबल' म्हणावं. त्यावर टॉवरमधला माणूस "का बरं? आमच्यावर राग आहे का?" असं विचारत नाही. तो दुसरी दिशा देतो. घरच्या बारशाला न जाता येण्याची कारणं जुळवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनाच या शब्दाची किंमत कळेल.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुम्ही उडताय, आणि रडारवाला सांगतो, "दोन वाजता, तीन मैलांवर एक विमान." म्हणजे आपल्या विमानाचं नाक बारावर धरायचं आणि घड्याळातल्या दोनच्या दिशेला बघायचं. उत्तरं दोनच. दिसत असेल तर 'ट्रॅफिक इन साइट'. नसेल तर 'निगेटिव्ह कॉन्टॅक्ट'. पुतण्या म्हणतो, "काका, पहिलं म्हणायला जीभ नुसती शिवशिवते. वाहिनीवर सगळे ऐकत असतात, शेजारी मास्तर बसलेला असतो, आणि दोनच्या दिशेला बघावं तर निव्वळ आकाश!" त्यात डोळ्यांचीही एक खोड आहे. जे विमान तुमच्यावर येऊन आदळणार असतं ते काचेत हलताना दिसत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि तिथल्या तिथे मोठं होतं. हलणारा ठिपका डोळा लगेच टिपतो, पण तो निघून जाणारा असतो. हे ऐकून मला आमच्या शाखेतली कर्जखाती आठवली. रोज उलाढाल होते त्या खात्याकडे सगळ्यांचं लक्ष. बुडणारं खातं एका जागी गप्प बसून व्याजानं फुगत असतं.

आणि 'दिसतंय' म्हटल्याबरोबर एक व्यवहार होतो. नियंत्रक म्हणतो, ठीक आहे, आता त्या विमानापासून अंतर तुम्ही राखा. म्हणजे त्याच्या खात्यातली जबाबदारी तुमच्या खात्यात वर्ग झाली. ती तिथेच राहते, जोवर तुम्ही "आता दिसत नाही" असं तोंडानं सांगत नाही तोवर.

ज्या गावात पुतण्या हे शिकतो, त्याच गावावर याची किंमत मोजली गेली आहे. २५ सप्टेंबर १९७८, सकाळी नऊची वेळ, हवा स्वच्छ. पी. एस. ए. कंपनीचं बोइंग ७२७ लॉस एंजेलिसहून सॅन डिएगोला उतरायला येत होतं. माँटगोमेरी फील्डवरून निघालेलं एक सेस्ना १७२ तिथेच होतं. त्यात दोन वैमानिक, एक शिकवणारा, एक पुढचं शिकणारा, दोघांकडेही परवाना. ते बोइंगच्याच विमानतळावर उतरण्याचा सराव करून ईशान्येकडे चढत निघाले होते. नियंत्रकानं बोइंगला सेस्नाची जागा सांगितली. बोइंगनं 'दिसतंय' म्हणून कळवलं. नियंत्रकानं अंतर राखायचं काम त्यांच्याकडे दिलं, आणि सेस्नालाही सांगितलं, की तुमच्या जवळून एक जेट उतरतंय, त्याला तुम्ही दिसताय.

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवतो. त्याला तुम्ही दिसताय.

पुढे टॉवरनं बोइंगला पुन्हा सांगितलं, बारा वाजता, एक मैलावर सेस्ना. उत्तर गेलं, की मिनिटभरापूर्वी ते तिथे होतं. आणि मग, आमच्या मते ते उजवीकडून निघून गेलं. टॉवरला ऐकू आलं, की ते उजवीकडून निघून जातंय. 'गेलं' आणि 'जातंय'. शाळेत काळ ओळखा म्हणून दोन मार्कांना येतो तो फरक. त्यानंतरचं कॉकपिटमधलं आपसातलं बोलणं टेपवर आहे. त्या सेस्नापासून आपण सुटलो ना, असं एक जण विचारतो. सुटलो असायला हवं, असं दुसरा. वाटतं तसं, असं तिसरा. आशा तर आहे, असं चौथा. चौघंही एकमेकांशी खरं बोलत होते. तेवढं खरं रेडिओवर गेलं नाही. साधारण २,६०० फुटांवर बोइंग मागून सेस्नावर आदळलं. बोइंगमधली १३५ माणसं गेली, सेस्नातली दोन, आणि खाली नॉर्थ पार्क नावाच्या वस्तीतली सात. सात जण, जे उडतही नव्हते.

चौकशी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं मुख्य ठपका बोइंगच्या वैमानिकांवर ठेवला: अंतर राखलं नाही, आणि सेस्ना दिसेनासं झाल्यावर तसं सांगितलं नाही. रडारनं अंतर ठेवण्याची सोय असताना ते काम डोळ्यांवर सोपवण्याची पद्धत, हेही कारणांत धरलं. मंडळाच्या एका सभासदाला तेवढं पुरेसं वाटलं नाही. त्यानं वेगळं मत नोंदवून नियंत्रणाच्या पद्धतीला जास्त दोष दिला. सेस्नानंही सांगितलेली दिशा सोडली होती आणि तसं कळवलं नव्हतं. टक्कर होण्यापूर्वी काही सेकंद रडारवर धोक्याची घंटाही वाजली होती. पण वैमानिकांना दिसतंय म्हणाले आहेत ना, मग काळजी कसली, असं नियंत्रकांना वाटलं.

आता सांगा, यात खोटं कोण बोललं? धर्मराजाला निदान ठाऊक होतं की मेला तो हत्ती. इथे 'दिसतंय' म्हणणारा ते म्हणाला तेव्हा मनापासून म्हणाला. मिनिटभरानं ते शिळं झालं, एवढंच. नीतीच्या पुस्तकांत खऱ्याचा आणि खोट्याचा विचार पुष्कळ असतो, शिळ्या झालेल्या खऱ्याचा मी कुठे वाचला नाही. आमच्या बँकेला मात्र तो माहीत आहे. पेन्शनरकडून आम्ही दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला मागतो. माणूस समोर उभा राहून आमच्यावर ओरडत असतो, तरी मागतो. "गेल्या वर्षी दिला होता ना?" हो आजोबा, पण तो गेल्या वर्षीच्या हयातीचा होता. लोकांना यात बँकेचा निर्दयपणा दिसतो. मला आता वाटतं, त्या फॉर्मात वाटतो त्याहून जास्त शहाणपणा आहे.

'दिसतंय' हा चेक नव्हे, एकदा वटला की संपला. ते रोजच्या रोज भरायचं खातं आहे. आणि "मघाशी दिसत होतं, आता दिसत नाही" हे म्हणणं "दिसतच नाही" म्हणण्यापेक्षा फार अवघड आहे, कारण त्यात आधीचा शब्द परत घ्यावा लागतो. पहिल्यांदाच 'नाही' म्हणणाऱ्याला लोक मंद म्हणतील, मागाहून म्हणणाऱ्याला "मग मघाशी काय बघितलंस?" असं विचारतील. त्या एका प्रश्नाच्या धाकानं किती घरांत, किती कचेऱ्यांत माणसं न दिसणारी गोष्ट वर्षानुवर्षं बघत बसली असतील, देव जाणे.

दोष मात्र सगळा सांगणाऱ्याच्या माथी मारायला मी तयार नाही. आमच्याकडे नियम आहे की एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची. उत्तम नियम. पण दुपारी बारा वाजता, रांग दारापर्यंत गेलेली असताना, पहिला माणूस दुसऱ्याला काय विचारतो? "बघितलंस ना?" यातला 'ना' बघा. 'बघितलंस का?' हा प्रश्न आहे. 'बघितलंस ना?' ही विनंती आहे, की बाबा रे, हो म्हण आणि मला मोकळं कर. गंमत म्हणजे ज्या अक्षराचा अर्थ 'नाही', तेच अक्षर शेवटी जोडून आपण समोरच्याकडून 'हो' काढून घेतो! रेडिओच्या ठरीव भाषेत हा 'ना' नाही. पण तो शब्दांत नसला तरी परिस्थितीत असतो. वैमानिकानं 'दिसतंय' म्हटलं की नियंत्रकाचं एक ओझं कमी होतं, वैमानिकालाही लवकर उतरायला मिळतं. दोघांनाही तेच उत्तर हवं असतं. अशा वेळी विचारणाराही त्या उत्तरात भागीदार असतो. नफ्यातोट्याचं प्रमाण काय धरायचं, हा प्रश्न. मी स्वतः मंडळाच्या बहुमताच्या बाजूचा आहे. कारण डोळे ज्याचे त्याचेच, आणि ते काय बघतायत हे दुसऱ्या कुणाला कळायला मार्ग नाही. पण त्या एका सभासदाचं मत फायलीला वरच लावून ठेवावं, खाली दाबू नये.

विमान शिकवणारे लोक या बाबतीत आपल्या गुरुजींपेक्षा हुशार दिसतात. वाट चुकलात तर काय करायचं यासाठी ते इंग्रजी 'सी'ची पाच क्रियापदं पाठ करून घेतात: वर चढा, बोला, सांगतील तसं करा, इंधन जपून वापरा, आणि त्यात एक आहे 'कन्फेस'. कबूल करा की आपण हरवलोय. आपल्याकडे कबुली देवळात किंवा पोलीसचौकीत देतात. तिथे ती अभ्यासक्रमात आहे. शिकाऊ माणसानं पहिल्या हाकेतच 'स्टुडंट पायलट' असं सांगावं, अशीही शिफारस आहे. त्यामुळे पलीकडचा माणूस सावकाश बोलतो, जास्त सांभाळून घेतो. आपल्याकडे मोटारीच्या मागे लाल 'एल' लावला तर लोक त्याच मोटारीमागे हॉर्न वाजवतात, ते सोडा.

गेल्या महिन्यात पुतण्यानं फोनवर सांगितलं, की एकट्यानं उडत असताना त्याला टॉवरनं विचारलं, अकरा वाजता, दोन मैलांवर एक विमान आहे. यानं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि 'निगेटिव्ह कॉन्टॅक्ट' म्हणाला. मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. टॉवरनं त्या दुसऱ्याला वळवलं आणि मला सरळ येऊ दिलं."

"कुणी काही बोललं नाही?"

"कोण काय बोलणार, काका?"

वहिनी मागून ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला म्हणाल्या, "आधी डोळे तपासून घे. तुझ्या बाबांनाही याच वयात चष्मा लागला होता."